माडीवरचा संगणक आणि बांधावरचा फोन

माझी थोरली बहीण वैरागला दिलेली आहे. बार्शीहून सोलापूरला निघाले की वाटेत वैराग लागते, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. भोवताली ज्वारी, तूर, सोयाबीन, कुठे कुठे द्राक्षाचे मांडव. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत चार दिवस तिच्याकडे राहून आलो. त्या घरात एका गोष्टीवरून रोज थोडी कुरबुर चालते, आणि तशीच कुरबुर आता कितीतरी शेतकरी घरांतून चालत असेल असे वाटल्यावरून हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट सुनेच्या फोनची. सून इंजिनीअर झालेली. लग्नाआधीपासून तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची. लग्न होऊन वैरागला आली, मूल झाले, तरी कंपनीने तिला सोडले नाही. घरून काम करा म्हणाले. माडीवरच्या खोलीत तिचा संगणक मांडलेला आहे. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो. दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला तेव्हा त्याच पगारातून सोसायटीचा हप्ता गेला, हे दाजी स्वतः कबूल करतात. पण कबूल करणे वेगळे आणि डोळ्यांना पटणे वेगळे.

आक्का मला म्हणाली, "सून गुणाची आहे रे. कुठल्या कामाला मागं सरत नाही. पण तो फोन काही हातचा सुटत नाही बघ. भाकरी थापताना फोन, पोराला पाजताना फोन. काल शेतात न्याहारी घेऊन आली, आम्ही पेंढ्या बांधतोय आणि ही बांधावर बसून फोनमध्येच. बायका बघत होत्या. मला कसंतरी झालं."

दाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता त्यांनी पुस्ती जोडली, "वर माडीवर ते यंत्र दिवसभर घरघरतंय आणि ह्या खाली फिरतायत. कामाला माणूस नाही आणि यंत्र चालूच. बिल कशाचं कमी यायचं?"

दोघांचेही खोटे नव्हते. पण दोघांनी पाहिलेल्या या दोन गोष्टी मुळात एकच होत्या, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. माडीवरचे यंत्र घरघरत होते ते बांधावरच्या फोनच्या सांगण्यावरून.

रात्री जेवणे झाल्यावर मी सुनेला म्हटले, "बाई, मला एकदा सगळं दाखव. म्हाताऱ्या माणसाला कळेल असं." ती हसली. पोर झोपले होते. आम्ही माडीवर गेलो.

आधी प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे काय ते सांगतो. नवख्या गड्याला आपण कामावर लावतो तेव्हा, "विहिरीवर जा, आधी वीज आहे का बघ, असेल तर मोटार चालू कर, पाणी तिसऱ्या वाफ्यात पोचले की दार मोड," असे पायरीपायरीने सांगावे लागते. गडी शहाणा असेल तर न सांगितलेलेही करतो. संगणक अगदी हुकमी, पण अक्कल नसलेला गडी. एक पायरी चुकली, एक खूण राहिली, तर तिथेच अडून बसतो, नाहीतर भलतेच करून ठेवतो. त्याला द्यायच्या हुकमांची यादी त्याच्या भाषेत लिहायची, हे सुनेचे काम. ती यादी हजारो ओळींची असते.

लिहिणे हा त्यातला अर्धाच भाग. लिहिल्यानंतर ते पाखडावे लागते. नवी ओळ घातली म्हणून जुने काही बिघडले का, हे पाहायला शेकडो चाचण्या एकामागून एक चालवतात. त्या संगणक स्वतःच चालवतो. कधी दहा मिनिटे लागतात, कधी तास-दीड तास. तेवढा वेळ माणसाने समोर बसून करायचे काय? सून म्हणाली, "पुण्यात असताना आम्ही चहा प्यायला जात होतो. इथं मी भाकरी करते."

आता अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जी बातम्यांत ऐकतो, ती या धंद्यात फार लवकर शिरली. "अमुक ठिकाणची चूक शोध आणि दुरुस्त कर" असे साध्या भाषेत लिहिले की ते साधन स्वतः हुकूम लिहू लागते. पण मधे मधे थांबून विचारते, ही फाइल बदलू का, हा आदेश चालवू का? "होय" म्हणायला कोणी नसले तर ते तसेच थांबून राहते. मजूर बांधावर बसलेले आणि मालक गावात, अशी गत. म्हणून सून भाकरी थापतानासुद्धा फोनकडे बघते. आक्काला वाटते ही करमणूक चालली आहे. वास्तविक ती वरच्या गड्याला "हो" किंवा "थांब" म्हणत असते.

हे ऐकून मला विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर आठवला. दाजींच्या मोटारीलाही तसाच बसवलेला आहे. रात्री-अपरात्री शेतीची वीज येणार, आणि काट्याकुट्यातून, विंचवाकाट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची कटकट होती. पुण्याचे इंजिनीअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची ही वणवण पाहिली होती. त्यावर त्यांनी मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे यंत्र तयार केले, "नॅनो गणेश" नावाचे. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळाले. त्यानंतर अशा जातीची कितीतरी यंत्रे बाजारात आली.

दाजींना मी दुसऱ्या दिवशी हाच दाखला दिला. म्हटले, "दाजी, तुम्ही ओसरीवर बसून बटण दाबता तेव्हा पाणी तुमचा फोन उपसतो का?"

"फोन कशाला उपसंल? मोटार उपसती."

"मग ही फोनवर काम करते असं का म्हणता? काम माडीवरचा संगणक करतो. फोन त्याचा स्टार्टर."

दाजी काही बोलले नाहीत. पण सुपारी कातरायची थांबली.

फोन आणि संगणक यांची अशी गाठ घालण्याची कल्पना काही पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतच जन्मली असे नाही. आपल्या महाराष्ट्रात ती उसाच्या शेतकऱ्यासाठी फार आधी वापरून झाली आहे. वैरागलाही साखर कारखान्याचे नाव जोडलेले असल्यामुळे उसाची नोंद, तोडीची पावती, वजनाची चिठ्ठी हे शब्द तिथे कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत. या चिठ्ठ्यांपायी शेतकऱ्याच्या किती खेपा होतात तेही ठाऊक आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून एक मोठी योजना मांडली. वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडायचे. गावोगावी संगणकाची केंद्रे उघडली. शेतकऱ्याने तिथे जावे, उसाची माहिती घ्यावी, बाजारभाव बघावा, सगळ्या जगाचे ज्ञान मिळवावे, असा मोठा संकल्प होता. त्या वेळी तिचा फार बोलबाला झाला. पण पुढे पाहू गेले तर बहुतेक ठिकाणी तो महागडा संगणक उसाच्या नोंदी आणि पावत्या यांच्यापुरताच वापरला जात होता. त्याची देखभाल आली, वीज आली, दुरुस्ती आली, आणि काम काय, तर चिठ्ठी.

तेव्हा बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी एक उलटा प्रयोग केला. गावातला संगणकच काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी साधा मोबाइल द्यायचा. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला, आणि त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. गावातून मोबाइलवरून ठराविक नमुन्याचा लेखी संदेश जायचा. कारखान्याकडे एक संगणक ठेवलेला होता आणि त्याला एक फोन जोडलेला होता. संदेश आला की संगणक तो वाचायचा, आपल्या दप्तरातून हिशेब काढायचा आणि उलट संदेश धाडायचा. आधीच्या संगणकांवर जे होत होते ते सर्व यात झाले. शिवाय ते स्वस्त पडले, सोयीचे झाले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले.

मला या प्रयोगाचे महत्त्व वाटते ते एवढ्यासाठी, की संगणक गावागावात हवा असे नाही. तो जिथे असेल तिथे नीट चालता हवा, आणि माणसाच्या खिशातल्या फोनला त्याच्याशी बोलता यायला हवे. वारणेला संगणक कारखान्यात होता आणि फोन गावात. वैरागला संगणक माडीवर आहे आणि फोन बांधावर. अंतर कमी-जास्त, रीत तीच.

खरे तर ही रीत मोबाइलच्याही आधीची आहे. १९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने गणितज्ञांच्या एका सभेत तारायंत्रासारख्या यंत्रावर आकडे टाइप केले. ते आकडे टेलिफोनच्या तारेने शेकडो किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला गेले, तिथल्या गणकयंत्राने गणित सोडवले आणि उत्तर त्याच तारेने परत सभेत छापून आले. आपल्याकडे तेव्हा अजून मोटही बैलच ओढीत होते.

आता हे सुनेच्या घरी कसे जमवले आहे ते सांगतो, कारण दोन-तीन वाचकांच्या घरी तरी अशी मुले-मुली असतील.

मला पहिला प्रश्न पडला, की शेतातला फोन माडीवरच्या संगणकाला नेमका हुडकतो कसा? फोनला नंबर असतो, तसा घरच्या संगणकाला बाहेरून हाक मारायला सहसा स्वतःचा पत्ता नसतो. इंटरनेट देणारी कंपनी एका पत्त्यावर कितीतरी घरे चालवते. बाहेरून कोणी हाक मारली तर ती दारावरच अडते. यावर तोड अशी, की संगणक स्वतःच बाहेर पडून एका मधल्या ठिकाणी जाऊन बसतो. गावात जशी चावडी. फोनही तिथेच येतो. चावडीवर दोघांची ओळख पटली की बोलणे सुरू. त्यामुळे कंपनीने असे साधन कोणते वापरायला परवानगी दिली आहे, म्हणजे कोणाच्या चावडीवर बसायचे, हे आधी विचारून घ्यावे लागते. सुनेने ते कंपनीला लेखी विचारून घेतले होते. तिथले काम कंपनीचे आहे, आपल्या मर्जीने त्याची वाट बाहेर काढायची नसते.

ओळख पटवायला बहुधा ठिपक्यांचा चौकोन वापरतात. किराणा दुकानात पैसे द्यायला जो चौकोन फोनपुढे धरतो, तोच क्यूआर कोड. हा १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो मुलांच्या पुस्तकांत आणला आणि त्यांच्या कामाला २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. संगणकाच्या पडद्यावर असा चौकोन उमटतो, तो फोनने टिपायचा, की गाठ पडली. त्या वेळी मात्र त्या चौकोनाचा फोटो काढून कोणाला पाठवू नये. तो चौकोन म्हणजे त्या घडीपुरती घराची किल्लीच.

आणखी एक जुनी, पक्की रीत आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी तारेवरून जाणारे परवलीचे शब्द चोरले. तेव्हा तिथल्याच तातू य्लोनेन यांनी १९९५ साली एक युक्ती काढली, ती आज जगभर चालते. कुलूप आणि किल्ली यांची जोडी तयार करायची. कुलूप संगणकाला लावायचे, ते कोणी पाहिले तरी हरकत नाही. किल्ली फोनमध्ये, ती फोनबाहेर कधीच पाठवायची नाही. मधे जे बोलणे चालते तेही असे घुसळून पाठवतात, की वाटेत कोणी ऐकले तरी त्याला फक्त कचरा दिसतो.

बोलण्याचे प्रकारही दोन आहेत. एकात संगणकाचा सगळा पडदाच चित्रासारखा फोनवर येतो. दुसऱ्यात फक्त अक्षरे येतात-जातात. मुंबईच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर ज्वारीचे कणीस बघणे आणि नुसते "दाणा भरला का?" असे विचारणे, यात जो फरक तोच. चित्राला इंटरनेट फार लागते. दाजींच्या ओढ्याकडच्या रानात फोनची एखादीच काडी येते, तिथे चित्र हलतच नाही, पण अक्षरे जातात. म्हणून सून शेतात असली की अक्षरांवरच भागवते.

"मग आता सगळंच फोनवर कर की," मी म्हटले. "वर जायलाच नको."

"नाही मामा," ती म्हणाली, "फोनवर नजर ठेवता येते. हो-नाही म्हणता येतं, बंद पडलेलं पुन्हा चालू करता येतं. पण एवढ्याशा काचेवर अंगठ्यानं हजार ओळी कोण लिहिणार आणि वाचणार? डोकं लावायचं काम वर खुर्चीवरच. रोज सकाळी तीन तास आणि पोर झोपल्यावर तीन तास मी वर बसते, तेव्हा कुठं मधल्या वेळात फोनवर भागतं."

हे तिचे म्हणणे मला फार पटले. बाजारात अशा साधनांच्या जाहिराती येतात त्यांत माणूस समुद्रकाठी बसून फोनवर सगळे काम उरकताना दाखवतात. त्यावर विश्वास ठेवून कोणी पोराला नुसता महागडा फोन घेऊन देईल तर पैसे वाया जातील. आधी टेबल, खुर्ची, चांगला संगणक आणि शांत खोली. फोन मागाहून.

फोनवर घाईने "हो" म्हणण्यात धोकाही आहे. एकदा पोर रडत होते, एका हातात पोर आणि एका हातात फोन. त्या साधनाने काहीतरी विचारले, तिने न वाचता होय दाबले. संध्याकाळी वर जाऊन पाहते तो दोन दिवसांचे लिहिलेले पुसून गेलेले. आदल्या रात्रीची प्रत दुसरीकडे राखून ठेवलेली होती म्हणून निभावले, तरी एका दिवसाचे काम पुन्हा करावे लागले. "त्या दिवशी मी रडले, आणि आत्यांना वाटलं घरातलं कुणी काही बोललं," असे सून म्हणाली. आक्काला हे ठाऊकच नव्हते. तेव्हापासून तिने स्वतःला नियम घालून घेतला आहे. फोनवरून फक्त बघायचे आणि चाचणी चालवायची. पुसणे, बदलणे, पुण्याला पाठवणे हे वर बसूनच.

विजेची कथा आपल्या सगळ्यांचीच. बांधावर फोनमध्ये जीव आहे, पण घरची वीज गेली तर माडीवरचा संगणक बंद, मग फोन कोणाशी बोलणार? सुनेने बॅटरीचा संच बसवला आहे, तो तासभर खेचतो. गंमत म्हणजे पहिल्या वेळी संगणकाला बॅटरी दिली आणि इंटरनेटच्या डबीला द्यायची राहिली. संगणक चालू, पण मुका. आता दोन्ही बॅटरीवर आहेत. शिवाय संगणकात एक मांडणी असते, की वीज गेली आणि पुन्हा आली तर तो आपणहून चालू व्हावा. ती करून ठेवावी, नाहीतर शेतातून बटण दाबायला घरी यावे लागते. आणि काही वेळ कोणी हात लावला नाही तर संगणक झोपी जातो, तेही बंद करावे लागते. झोपलेला गडी हाकेला ओ देत नाही. दाजींना जे यंत्राचे विनाकारण घरघरणे वाटत होते ते हेच. पडदा मात्र ती बंद ठेवते, तेवढीच बचत.

ही सगळी सोय उपयोगी पडते ती कंपनीने घरून काम मान्य केले तरच. कॉल सेंटर आणि त्या जातीच्या कचेऱ्यांना पूर्वी माणसाला घरून कामाला बसवायचे तर सरकारी अटी आणि अनामती यांचा मोठा जाच होता. २०२० च्या मार्चमध्ये साथ आली तेव्हा तात्पुरती मोकळीक दिली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने नियमच बदलून कोठूनही काम करायला वाट केली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्यांनीही त्याच दिवसांत माणसे घरी पाठवली. पुढे साथ ओसरली आणि पुष्कळ कंपन्यांनी माणसे परत बोलावली. सुनेच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहेच. काम वेळेवर जाते तोवर वैराग. एकदा-दोनदा चुकले, की पुण्याला या म्हणतील. आणि पुण्याला जायचे म्हणजे पोराला घेऊन एकटीने, किंवा नवऱ्याने शेत सोडून. हे तिने मला माडीवर हळू आवाजात सांगितले.

आता एक गोष्ट खास मायबहिणींसाठी, कारण ती आक्काच्याच बाबतीत घडता घडता राहिली. दुपारी आक्काला फोन आला. "तुमचे वीजबिल भरलेले दिसत नाही, रात्री नऊला वीज तोडणार. घाबरू नका, मी सांगतो ते एक अ‍ॅप घ्या आणि त्यावरचा नंबर मला वाचून दाखवा." आक्का घाबरली. घरात पुरुष माणूस नाही. ती नंबर वाचायला लागणार तेवढ्यात सून जिन्यावरून उतरली आणि तिने फोन काढून घेतला.

ते अ‍ॅप कोणते, तर सून ज्या जातीचे साधन वापरते त्याच जातीचे. दुसऱ्याच्या फोनचा पडदा आपल्याकडे आणायचे. साधन वाईट नाही. दुरुस्ती करणारे लोक तेच वापरतात. पण तो नंबर म्हणजे किल्ली, आणि आक्का ती चोराला वाचून दाखवणार होती. मग त्याला आक्काच्या फोनवरचे बँकेचे सगळे दिसले असते. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना अशाच एका अ‍ॅपचे नाव घेऊन सावध केले होते. तरी लोक अजून फसतात. असे कधी घडलेच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे कठीण.

सुनेचा स्वतःचा फोन हरवला तर? तेही मी विचारले. तिच्या फोनला बोटाच्या ठशाचे कुलूप आहे. हरवला तर पहिल्याप्रथम माडीवर जाऊन संगणकाच्या यादीतून तो फोन खोडायचा, मग सिमकार्ड बंद, मग सरकारच्या संचार साथीवर फोनच निकामी करायची विनंती. कंपनीला त्याच दिवशी कळवायचे. हे तिने एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहे. नवऱ्यालाही शिकवले आहे, कारण ती घरात नसताना फोन हरवला असे तिने दुसऱ्या कोणाच्या फोनवरून कळवले, तर यादी खोडायला कोणीतरी हवे.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे रानात होतो. पेंढ्या बांधून झाल्या, सावलीला न्याहारी सोडली. सुनेचा फोन वाजला. तिने बघितले आणि कपाळाला आठी पडली. आक्काने विचारले, "काय म्हणतंय?" मला वाटते तिने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला असावा.

"चाचणीत तीन ठिकाणी नापास, आत्या. घरी जावं लागेल."

"मग जा की. पोराला ठेव माझ्याजवळ. येताना आम्ही आणतो."

सून गाडीवर बसून गेली. दाजी बराच वेळ तिकडे बघत होते. मग मला म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही स्टार्टरचं म्हणालात ते खरं हाय. पण आमचा स्टार्टर परवा रातभर चालूच झाला नाही. मी हितनं बटण दाबतोय, दाबतोय. सकाळी जाऊन बघतो तर मोटार ठीक, वीज ठीक."

"मग काय झालं होतं?"

"त्यातल्या सिमकार्डाचं रिचार्ज संपलं होतं," दाजी म्हणाले, "आता तेवढं सूनबाईलाच सांगतो, तिच्या फोनवर आठवण लावून ठेव म्हणून."